हरण्याच्या चार कांड्या

“डाक्टर, तेवढं झाकण उघडा. निवद दाखवायचाय.”

बैलांच्या सणाचा, बेंदराचा दिवस होता. येसबाआबा पुकळे सकाळी सकाळीच गुरांच्या दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. धुवट धोतर, डोक्याला नवा पटका, एका हातात फडक्यानं झाकलेलं पुरणपोळीचं ताट आणि दुसऱ्या हातात हिंगुळाची वाटी. घरच्या बैलांची शिंगं रंगवायची सोडून सत्तरीचा हा माणूस अर्धा कोस चालत आला होता, तो माझ्या नायट्रोजनच्या कंटेनरची पूजा करायला.

मी म्हणालो, आबा, झाकण सारखं उघडलं की आतला नायट्रोजन उडून जातो. त्यांनी मान डोलावली आणि ताट टेबलावर मांडलं, म्हणजे माझं काही ऐकलं नाही. परिचर रावसाहेब हातातला झाडू तसाच धरून गंमत बघत उभा राहिला. शेवटी मी झाकण वर उचललं. पांढरी वाफ कंटेनरच्या कडेनं उतरून फरशीवर पसरली. आबांनी हात जोडले, पोळीचा तुकडा मोडून वाफेसमोर धरला, कंटेनरच्या दोन्ही कड्यांना हिंगूळ फासला आणि मला हळूच विचारलं,

“बरा हाय न्हवं त्यो?”

“बरा आहे,” मी म्हणालो.

तो म्हणजे हरण्या, आबांचा खिलार वळू. आणि हरण्या मरून चार वर्षं झाली होती.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. वाघदरा ही माझी पहिली नेमणूक. मी पशुधन पर्यवेक्षक, वय चोवीस, गाव रत्नागिरीकडचं. माणदेशात गुरांवर हात फिरवणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे मीही ‘भुवड डाक्टर’ झालो होतो. पण कोकणातल्या माणसाला खिलाराचं काय कळतंय, ह्यानं आजवर मासळीच बघितली असणार, असं गावाचं ठाम मत होतं. ते पहिलं वर्ष मी ते मत बदलण्यात घालवलं आणि बराच काळ मला त्यात यश आलं नाही.

हरण्याची हकिकत मी आबांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मी स्वतः तो बैल बघितला आहे असं मला वाटायला लागलं होतं. पांढराशुभ्र, लांब शिंगाचा, खरसुंडीच्या जत्रेत गर्दीनं वाट करून द्यावी असा. तिथंच सरकारी वीर्यकेंद्राच्या साहेबांनी तो बघितला आणि केंद्रासाठी मागितला. गाव म्हणालं, देऊ नका. बायजाक्का, म्हणजे आबांची बायको, दोन दिवस जेवली नाही. आबांनी तरी दिला. त्यांचा हिशेब साधा होता. बैल वाघदऱ्यात राहिला तर वर्षाला तीसचाळीस गाई फळवणार, तिकडं गेला तर त्याचं बीज थंड करून ठेवणार आणि ते जिल्हाभर पुरणार, तो म्हातारा झाला तरी, मेला तरी. साहेबांनी तसं सांगितलं होतं आणि आबांनी त्यावर विश्वास टाकला होता.

दोन वर्षांनी हरण्या केंद्रावर आजारानं गेला. त्याचं जे काही बीज साठवलं होतं ते ठिकठिकाणी वाटलं गेलं. आणि गावात आबांची जी थट्टा सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. “आबानं बैल दिला आन् बरफ घेतला,” असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. आबाही हसायचे. पण त्यानंतर त्यांनी घरी वळू ठेवला नाही.

मी रुजू झाल्यावर कंटेनरमधल्या कांड्यांची यादी करायला बसलो. वीर्याची कांडी म्हणजे शाईपेनच्या नळीहून बारीक, अर्ध्या वितीहून थोडी लांब नळी, तिच्यावर जात आणि बैलाचा नंबर छापलेला. उणे एकशे शहाण्णव अंशांत त्या बुडवून ठेवलेल्या असतात. जर्सीच्या आणि होल्स्टीनच्या कांड्यांच्या तळाशी मला खिलारच्या चार कांड्या सापडल्या. नंबर एकशे सतरा. मी तो नंबर सहज मोठ्यानं वाचला, तर बाकावर औषधाची वाट बघत बसलेले आबा ताडकन उठले. हरण्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांना स्वतःच्या नावासारखा पाठ होता.

त्या दिवशी त्यांना मी भिंगाखाली काही दाखवलं नाही, काही पटवून दिलं नाही. वाफ निघाली तेवढीच त्यांनी बघितली आणि डोळ्याला पटक्याचं टोक लावलं. मग म्हणाले, “ह्या कुणाला द्यायच्या न्हाईत. माजी गुंजी हाय.”

गुंजी ही त्यांची तिसऱ्या वेताची खिलार गाय. गावाचं आबांवर लक्ष होतंच. गाभण राहिली तर आबांचं खरं, नाही राहिली तर मेलेल्या बैलाचं बीज जिवंत नसतं हे गावाचं खरं. माझीही अब्रू त्यातच अडकलेली होती. कारण हे जमलं नाही तर माझ्या कंटेनरकडं वाघदऱ्यातला एकही शेतकरी फिरकणार नव्हता.

पहिली कांडी वैशाखात वापरली. आबा सकाळी दवाखाना उघडायच्या आधी येऊन बसले होते. मी विचारलं, गाय माजावर कधी आली? ते छाती काढून म्हणाले, “आत्ताच.” नियम सरळ आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मी संध्याकाळी गाय आणायला सांगितली, कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून विरघळवली, सगळं शास्त्राप्रमाणे केलं. एकवीस दिवसांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. दुसरी कांडी वापरली. पुन्हा उलटली.

मग बेंदूर आला आणि आबांनी कंटेनरला नैवेद्य दाखवला. त्या नैवेद्याच्या आधारावर आम्ही तिसरी कांडी वापरली. मी देवभोळा नाही, पण त्या वेळी आत कुठंतरी मलाही वाटलं की आता जमेल. श्रावण लागला आणि आबा एका सकाळी पायरीवर येऊन नुसते बसून राहिले. मी विचारायच्या आत त्यांनी मान हलवली.

“उलटली?”

“उलटली.”

त्या माजाला मी चौथी कांडी काढली नाही. एक पाळी जाऊ दे, गायीला क्षारमिश्रण देऊ, नीट बघू, असं सांगितलं. खरं कारण म्हणजे माझी हिंमत होत नव्हती. कांडीतलं बीज चांगलं होतं. तिसऱ्या वेळी रेतनाच्या गनच्या टोकाला उरलेला थेंब मी तालुक्याच्या दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन बघितला होता आणि त्यात वळवळ मला डोळ्यांनी दिसली होती. गाय तपासली होती, तिच्यात दोष नव्हता. त्याच कंटेनरमधल्या जर्सीच्या कांडीवर तारूबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या विधवेच्या दोन्ही गाई पहिल्या झटक्यात गाभण राहिल्या होत्या. म्हणजे माझा हातही वाईट नव्हता. मग चुकत काय होतं? मी रात्ररात्र जागा राहिलो असं म्हणणार नाही, पण जेवताना मात्र तोच विचार असायचा.

आठवड्यानं लाळ-खुरकताची लस टोचायला मी वस्त्यांवर फिरत होतो. आबांची वस्ती मळ्यात होती. गुरं तिथं, आणि राखणीला रात्रंदिवस आबाही तिथंच, गावात यायचे ते जेवणापुरते. घरची बायकामाणसं गावात राहायची. आबांचा मुलगा सोनं गाळायच्या धंद्यात तिकडं कोइमतुराला आणि त्याची बायको मालन सासूजवळ. ती रोज पहाटे वस्तीवर यायची, शेण काढायची, गुरं धुवायची, दुपारपर्यंत घरी परत जायची. त्या सकाळी आबा गोठ्याबाहेर बाजेवर बसले होते आणि मालन गुंजीची वेसण धरून उभी होती. पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला, पाठ सासऱ्याकडं. मी लस टोचली आणि पुढच्या माजाची तारीख काढावी म्हणून आबांना विचारलं, मागचा माज नेमका कधीचा?

“मंगळवार,” आबा बाजेवरून म्हणाले. “जनावर माझ्या नजरंतनं सुटत न्हाई, डाक्टर.”

तेवढ्यात मालन गुंजीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “मंगळवार कुटला गं गुंजे? सोमवारी पाटं मी शेण काडाय आले तवाच तू सोट टाकली हुतीस की.”

माझ्या हातात सिरिंज तशीच राहिली. सोट म्हणजे माजावरच्या गायीचा काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव. तोच माजाचा पहिला दाखला. आबांना कमी ऐकू यायचं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. मी मालनकडं बघितलं, तर तिनं मान आणखी खाली घातली. सासऱ्यादेखत परक्या पुरुषाशी बोलायचं नाही आणि तेही असल्या विषयावर, हे मलाही कळत होतं. मग मीही गायीलाच विचारलं.

“गुंजे, मग सोमवारीच का नाही सांगितलंस?”

“गुंजे, सांग डाक्टरला,” मालन गायीला म्हणाली. “मुकं जनावर तू, हंबरत बी न्हाईस. मी दुपारी घरी जाऊन आत्याबाईला सांगती. मामंजी जेवाय येत्यात दिवस बुडल्यावर. मग आत्याबाई वाडता वाडता त्यांस्नी सांगती. मग त्ये सकाळी तुमच्याकडं येत्यात.”

“आणि गुंजे, सोट आबांना कशी दिसत नाही?”

“कशी दिसंल? शेणाबरुबर मीच उचलती. आन् तुला शेपटीपतुर धुवून काडती. घाण ठिवली तर बोलणी मलाच खावी लागत्यात.”

आबा बाजेवरून आमच्याकडं बघत होते. त्यांनी जरा काळजीनंच विचारलं, “डाक्टर, जनावराला काय इचारताय? ती काय बोलणार हाय?”

मी बाजेवर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. डोक्यात हिशेब फिरत होता. सोमवारी पहाटे माज. मंगळवारी सकाळी आबा माझ्याकडं येणार आणि ‘आत्ताच’ म्हणणार, कारण त्यांच्या कानावर ते आत्ताच आलेलं असायचं. त्यावर नियमाप्रमाणे मी संध्याकाळ ठरवणार. म्हणजे छत्तीस तास. माज तोवर उतरून गेलेला. आम्ही तिन्ही वेळा गाडी गेल्यावर स्टेशनात पोचलो होतो. तारूबाईच्या घरी हा प्रश्नच नव्हता. शेण तीच काढायची आणि दवाखान्यात तीच यायची. मी रजिस्टरमध्ये दर वेळी तिची वेळ लिहून घेतली होती, अगदी ‘पहाटे साडेपाच’ अशी, आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यात एकदाही शिरला नव्हता.

मी हे सगळं आबांच्या कानात, मोठ्यानं आणि सावकाश सांगितलं. मालनचं नाव घेताना अडखळलो. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. आपल्या नजरेचा त्यांना फार अभिमान होता आणि त्या नजरेसमोर दहा पावलांवर ही गोष्ट तीनदा घडली होती.

“म्हंजी हरण्या तीनदा घरी आला,” ते म्हणाले, “आन् घरात कुणी जागं नव्हतं.”

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, अजून एक कांडी आहे. पुढच्या वेळी सूनबाईनं तुम्हाला तिथल्या तिथं सांगायचं, बस्स. यावर आबा एकदम ताठ झाले. सून सासऱ्यासमोर उभी राहून असलं काही सांगणार? पुकळ्यांच्या घरात आजवर असं झालं नव्हतं. त्यांनी स्वतः लग्नाला पाच वर्षं होऊनही सुनेशी सरळ एक वाक्य बोललेलं नव्हतं. लागलं तर “पाणी आणा” असं भिंतीकडं बघून म्हणायचे. मी शास्त्र सांगत होतो आणि ते रीत सांगत होते. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. तिनं आत्तासारखं गायीलाच सांगावं, पण मोठ्यानं. ते बाजेवर बसून ऐकतील. गायीला काय सांगायचं यावर कुणाची बंदी नव्हती.

लगेच तालीम झाली. मालननं “गुंजे, तू आज माजावर आलीस” असं म्हटलं. आबांना ऐकू गेलं नाही. तिनं आवाज चढवला. तरी नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली, तेव्हा आबा म्हणाले, “आलं ऐकू.” पदराआड मालन हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

एवढं सगळं जुळलं आणि नायट्रोजनची गाडी बंद पडली. महिन्यातून एकदा येऊन ती आमचे कंटेनर भरून जायची. आता ती कुठल्याशा गॅरेजात होती आणि “येईल” यापलीकडं कुणी काही सांगत नव्हतं. कंटेनरमध्ये पट्टी बुडवून बाहेर काढली की जिथपर्यंत पांढरं दहिवर धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. पट्टीवरचं ते पांढरं रोज थोडं थोडं खाली सरकत होतं. चार बोटं राहिली, मग तीन. गुंजीचा माज यायला अजून पाच दिवस होते. नायट्रोजन संपला की आतलं सगळं मातीमोल, शेवटच्या कांडीसकट.

ज्या आबांनी चार महिने वाफेचं दर्शन घेतलं, तेच आता कंटेनरला कुणाला हात लावू देईनात. मला काही इतर कामासाठी झाकण उघडायचं असलं तर ते आधी कारण विचारायचे आणि बहुधा नामंजूर करायचे. कंटेनरवर त्यांनी घोंगडं पांघरलं. त्याला उन्हाची झळ लागू नये म्हणून खिडकीला पोतं बांधलं. पहाटे तांबडं फुटलं की ते दवाखान्याच्या ओसरीवर हजर. रावसाहेब म्हणायचा, पगार ह्यांचा काढा, मी घरी बसतो.

पट्टीवर दीड बोट राहिलं त्या दिवशी सकाळी ओसरीवर सातआठ माणसं होती. कुणाची शेळी, कुणाची म्हैस, जनावर अडकवायच्या लाकडी खोड्याला एक लंगडा बोकड बांधलेला. आबा नेहमीच्या जागी, कंटेनरच्या खोलीच्या उंबऱ्यावर. तेवढ्यात रावसाहेब मला हळूच म्हणाला, फाटकाकडं बघा. मालन फाटकात उभी होती. धापा टाकत होती, पायाला शेण तसंच. वस्तीवरून सरळ चालत आलेली दिसत होती.

मला लगेच समजलं. ठरल्याप्रमाणे तिनं गायीला मोठ्यानं सांगितलं असणार, आणि बाज रिकामी होती. ऐकणारा माणूस हरण्याची राखण करायला इकडं येऊन बसला होता. गायीला सांगून आता उपयोग नव्हता. घरी जाऊन सासूला सांगावं तर पुन्हा तेच.

ती फाटकातून आत आली. सगळ्या पुरुषांनी बोलणं थांबवलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, खोड्याजवळच्या त्या बोकडाशी गेली आणि त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, “आज पाटं...” आणि थांबली. बोकडाचा मालक गांगरून मागं सरकला. मालन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं बोकडाकडं पाठ फिरवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ आबांकडं बघून, अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मामंजी, गुंजी आज पाटं माजावर आलीया.”

मी घाबरलो होतो. आता आबा काय बोलतील, सुनेला सगळ्यांदेखत काय ऐकावं लागेल, हे मला कळेना. आणि माझ्या तोंडून सवयीनं तोच प्रश्न निघून गेला, त्याच माणसाला.

“आबा, नेमकी किती वाजता?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग सुनेकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

“मला काय इचारताय?” ते म्हणाले. “तिला इचारा.”

मी तिला विचारलं आणि तिनं सांगितलं. पाच वाजून गेल्यावर, उजाडायच्या आधी, सोट स्वच्छ आणि तारेची, गाय दुसऱ्या गायीच्या पाठीवर एकदा चढली. इतकी नेमकी माहिती मला कॉलेजातल्या परीक्षेत सुद्धा देता आली नव्हती. संध्याकाळी पाचला गाय आणा, असं मी सांगितलं, आणि हे सांगताना मी तिच्याशी बोलत होतो.

संध्याकाळी आबांनी गुंजीचं तोंड धरलं आणि मालन शेपटी बाजूला धरून उभी राहिली. पट्टीवर जेमतेम बोटभर पांढरं होतं. मी चिमट्यानं कांडी उचलली, पाण्यात धरली आणि तीस अंक मोजले. माझ्याबरोबर ओसरीवरची सगळी माणसं मोजत होती. सकाळचीच होती ती, कुणी घरी गेलंच नव्हतं. तीस झाले, तसं मी रेतन केलं.

गाडी आली ती चौथ्या दिवशी. आदल्या दिवशीच पट्टी कोरडी निघाली होती. बाकीच्या कांड्या वाया गेल्या आणि मला वरती लेखी खुलासा द्यावा लागला. एकवीस दिवस झाले, गुंजी उलटली नाही. बेचाळीस झाले. तिसऱ्या महिन्यात मी हात घालून तपासलं आणि गाय गाभण आहे म्हणून सांगितलं, तेव्हा आबांनी पटक्यानं गुंजीचं तोंड पुसलं. गावानंही थट्टा थांबवली. पुढं मी सहा तालुक्यांत बदलीवर फिरलो. कुणीही माजावरची गाय आणली की माझा पहिला प्रश्न असे, शेण कोण काढतं? लोकांना मी विक्षिप्त वाटायचो. पण त्या बाईला बोलवा म्हटलं की बोलवायचे.

ज्येष्ठ संपत आला होता. एका सकाळी आबांचा निरोप आला, गाय व्याली, या. मी सायकल काढली. वस्तीवर पोचलो तर आबा बाजेवर बसलेले, हात गुडघ्यांवर, पटका मांडीवर, तोंड गोठ्याकडं. गोठ्याचं दार ओढून घेतलेलं होतं. आतून मालनच्या बोलण्याचा बारीक आवाज येत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“म्हाईत न्हाई,” आबा म्हणाले.

“बघितलं नाहीत?”

“पाटंपास्नं आत हाय ती. मी हितं बसलोय.” त्यांनी मांडीवरचा पटका चाळवला. “जित्तं हाय का न्हाई, त्ये बी म्हाईत न्हाई. इचारायचा धीर हुईना म्हणून तुमाला बलिवलं. तुमी इचारा.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. वर्षानुवर्षं नाही नाही ती थट्टा सोसलेला हा माणूस एका दारापलीकडच्या उत्तराला भ्याला होता. मी दाराकडं निघालो, पण दोन पावलांवर मागून त्यांचा हात माझ्या दंडावर आला. ते उठून उभे राहिले होते. घसा खाकरून त्यांनी हाक मारली, भिंतीला नाही, गायीला नाही.

“मालन.”

आतला आवाज बंद झाला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःचं नाव सासऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आबांनाही तो शब्द नवाच होता. त्यांनी तो पुन्हा उच्चारून बघितला.

“मालन, काय झालं गं?”

दार उघडलं. मालन चौकटीत उभी होती. हात कोपरापर्यंत ओले, पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. ते झाकायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

“खोंड हाय, मामंजी,” ती म्हणाली. “चार वाजता झालं. जरा अडकलं हुतं, म्या हात देऊन सोडवलं. डोस्कं तांबूस हाय, बाकी पांडरंशिपत. उबं ऱ्हायलं, दोनदा पडलं, आता पितंय.”

आबा जागेवरूनच मान उंचावून आत डोकावायला लागले.

“हितनं काय दिसतंय?” मालन दारातून बाजूला होत म्हणाली. “आत या की.”